आठवा बिट

व्रात्साच्या वर, गारा अडवायच्या बंद केंद्रात
दोन खोकी समोरासमोर मांडलीत मी.
एक प्रावेत्स, त्याचं फ्लॉपीचं तोंड कधीच मिटलेलं.
एक माझा लॅपटॉप, बिजागरी तुटलेला,
पाठीला वीट लावून उभा.
जुन्याच्या पोटात नऊ वर्षांच्या गारा आहेत
आणि बाहेर यायला वाट एकच:
पाठीमागचं ते पंचवीस टाचण्यांचं दार.

झ्द्राव्का खिडकीत बसलीय, मांडीवर लोणच्याची बरणी.
"किती घेशील, नेद्याल्को?"
आधी बोलू तर देत यांना, म्हटलं.
तिचा नवरा, आस्पारुख, याच खुर्चीत बसायचा,
ढग मोजायचा, रॉकेटं सोडायचा,
रात्री सगळं टाइप करून ठेवायचा.
सोफियाची कुणी हवामानवाली मुलगी नोंदी मागतेय.
झ्द्राव्काला कशाला हव्यात
ते तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

तार मीच जोडली, डाख देऊन, बोट भाजून.
तीन धागे पुरतात.
याचं तोंड त्याच्या कानाला,
त्याचं तोंड याच्या कानाला,
तिसरा जमिनीचा; जमीन दोघांची एकच लागते.
तोंडाला तोंड जोडलं की दोघंही बोलत सुटतात
आणि कुणाच्याच कानावर काही पडत नाही.
माझा पहिला संसार
मी तसाच जोडला होता.

वेग तीनशेचा ठेवला.
जुनं माणूस, त्याला घाई करू नये.

पहिल्या खेपेला आलं ते असं:
टक्के, कंस, चांदण्या, आकडे,
ओळीच्या ओळी गारपिटीसारख्या पडद्यावर आपटत होत्या
आणि मधूनच लॅपटॉप वाजायचा. टिंग.
थोडं थांबून, टिंग.
मग लागोपाठ दोनदा.
"बिघडला का रे?" झ्द्राव्का म्हणाली.
मी थांबवला.

चूक माझी होती. सात बिट निवडले होते.
आमच्या अक्षरांचा सगळा जीव आठव्यात असतो;
तो कापला की लहान अक्षरांची विरामचिन्हं होतात,
आणि मोठ्या अक्षरांतलं एक,
आठवं,
यंत्राची घंटा होतं.
झ्द्राव्काचं पहिलं अक्षर.
काही घंटा पश्चिमेच्या वाऱ्याच्या असणार,
आमच्याकडे पश्चिमही त्याच अक्षरानं सुरू होते.
पण इतका वारा?

हे मी तिला सांगितलं नाही.
आठ केले, पुन्हा सुरुवात केली.

आता ती पुढं सरकली. बरणी खाली ठेवली.
तीनशेच्या वेगानं आलेली ओळ
माणसाला येता येता वाचता येते,
कुणी समोर बसून सावकाश बोलावं तशी.
*जून चौदा. ढग नऊ किलोमीटर. रॉकेटं चार. गारा वाटाण्याएवढ्या.*
*झ्द्राव्कानं डबा पाठवला, मिरच्या जळलेल्या.*
ती हसली.
*जुलै दोन. पश्चिमेचा वारा. रॉकेटं सहा.*
*झ्द्राव्काशी भांडण. ढग बरा.*
असंच पुढं. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

एक्क्याण्णवचा मे.
*ढग बारा किलोमीटर. गारा अक्रोडाएवढ्या.*
*रॉकेटं शून्य. कोठार मार्चपासून रिकामं.*
*गावात सांगितलं, तीन सोडली.*
*झ्द्राव्कालाही तेच सांगितलं.*
*तिची टोमॅटोची रोपं...*
इथं कर्सर क्षणभर अडला.
तार हलली असेल. मी हात लावला नाही.
*...सगळी गेली.*

त्या वर्षी माझीही द्राक्षं गेली होती.
बापानं आस्पारुखला राकियाची बाटली नेऊन दिली,
तीन तर तीन, सोडली ना, म्हणून.

मी पडद्याकडेच बघत विचारलं,
माहीत होतं तुला?
परसात उभी राहून ती आवाज मोजायची,
सगळ्याच बायका मोजायच्या.

तिनं मान हलवली,
डावीकडून उजवीकडे, सावकाश.
आमच्या देशात याचा अर्थ
हो.

पुढची ओळ येत होती. टिंग नव्हतं आता,
नुसतं नाव.
अजून चार वर्षांच्या गारा यायच्या होत्या.
तिनं बरणीचं झाकण उघडलं
आणि एक काकडी माझ्यापुढं धरली.