कल्ला उचलून

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत
संध्याकाळचा लिलाव आटपला की मी बॅकअप लावते.
दोन डिस्क. एक टेबलावर,
एक तांदळाच्या डब्यात, खारं वारं लागू नये म्हणून.

तेवीस हजार फायली, आणि प्रोग्राम दोनच गोष्टी विचारायचा:
तारीख तीच? आकार तोच?
मग बदल नाही, पुढे.
नऊ मिनिटांत मी घरी.

धुरपी चोगले एकदा दाराशी टोपली टेकून बघत राहिली.
म्हणाली, "तारखंवर मासळी घेतंस व्हय गो?
कल्ला उचलून बघ."

त्या रात्री पहिल्यांदा
दोन्ही डिस्कवरची प्रत्येक फाइल आतून वाचायला लावली.
अक्षर न् अक्षर दळून निघतो
चौसष्ट चिन्हांचा ठसा. त्याला अर्थ नसतो,
पण आत एक टिंब हललं तरी तो अख्खा बदलतो.
पंखा घरघरत होता. बंदरात बर्फाचा ट्रक गळत उभा.
पहाटे तीनला एकच ओळ लाल.

सोळा वर्षं कुणी न उघडलेली फाइल.
तारीख तीच. आकार तोच.
नौका 'भाग्यसावित्री', परत आली नाही.
खलाशी: टेबलावरच्या डिस्कवर ७,
तांदळातल्या डिस्कवर ३.

कुणी खोडलं नव्हतं. कुणी लिहिलं नव्हतं.
आतला एखादा कण कूस बदलून झोपला असेल,
खिळ्याला गंज चढतो तसा, आवाज न करता.

ठसा एवढंच सांगतो की दोघी वेगळ्या.
खरी कोण, ते त्याला ठाऊक नसतं.
तिसरी प्रत हवी होती,
आणि कागदाची वही तर
वादळात पत्र्यांबरोबर गेली.

सकाळी धुरपी वलांडीवर बोंबील अडकवत होती.
मी विचारलं. तिचे हात थांबले नाहीत.
एका नावाला एक बोंबील:
हिरू. लखमा. पाजपंढरीचा दाजी.
दोघे दोरकुळकर. तांडेल बाळोजी.

सहा.

मग एक बोंबील हातातच राहिला.
तो तिनं, नाव न घेता,
इतरांपासून जरा लांब अडकवला.

मी दुसरं काही विचारलं नाही.
ऑफिसात येऊन ३ पुसला, हातानं ७ लिहिला.
ठसे जुळले, चौसष्टच्या चौसष्ट.

फाइलला आता आजची तारीख आहे.
रात्री प्रोग्राम म्हणाला:
एक फाइल बदलली.