वादी

अर्डिथ क्रॅबट्री विरुद्ध लायल टिलरी.
त्यातला टिलरी मी.
'विरुद्ध' हा शब्द आमच्यात कुणी आणून ठेवला
कळलं नाही. आमच्या कुंपणाला तर फाटकसुद्धा नव्हतं.

तिचा अर्ज आला तेव्हा मार्च संपत होता,
ओढ्यावरचा बर्फ कडेकडेनं कुरतडला जात होता.
वय एकसष्ट. वृद्धाश्रमात रातपाळी.
पिस्तूल घरात आहेच, बाहेर नेण्याचा परवाना हवा.
कारणाच्या रकान्यात एवढंच :
पार्किंगमधला दिवा बंद आहे. भीती वाटते.

कायदा म्हणायचा, कारण खास हवं.
भीती सगळ्यांनाच वाटते,
म्हणून ती खास नव्हती.
मी शेरीफ. खाली लिहिलं : कारण पुरेसं नाही.
सही केली, तारीख टाकली, जेवायला गेलो.

ते तीन शब्द पुढं सहा वर्षं चघळले गेले.

राजधानीतून हक्कवाल्यांचा वकील आला,
चकचकीत बूट, चिखलाला न घाबरणारा.
त्यानं तीस अर्जांतून अर्डिथला उचललं,
कलिंगड टिचकी मारून घ्यावं तसं.
अटक नाही, घटस्फोट नाही, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
नवऱ्याचं त्यानं विचारलं, तिनं थडग्याचा नंबरही सांगितला.
मुलाचं त्यानं विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.
मला माहीत होतं,
त्या रात्री गॅरेजचं दार मीच उघडलं होतं.
माझ्या वकिलानं विचारलं, हिच्याविरुद्ध काही आहे?
मी म्हणालो, काही नाही.

निवडणूक आली. हिरवळीहिरवळीवर पाट्या :
टिलरी तुमची बंदूक नेईल.
माझ्याच पलंगाखाली तीन आहेत,
एक आजोबांची, तिचा घोडा अडतो.
दुसऱ्या बाजूचे लोक मेणबत्त्या घेऊन
माझ्या नावानं उभे राहिले, थंडीत, बिचारे.
त्यांनाही मी पलंगाखालचं बोललो नाही.
अर्डिथचा फोटो टपालातून घरोघर गेला,
तिच्याच पत्र्याच्या पेटीत तीनदा आला.
एकशे बारा मतांनी पडलो.
सकाळी पायरीवर मक्याचा केक, फडक्यानं झाकलेला.
मत कुणाला दिलं, मी विचारलं नाही.
ताटली तिनं परत मागितली नाही.

मधल्या एका जानेवारीत तिची भट्टी बंद पडली.
घर गोठलं. तिनं पिस्तूल विकून टाकलं.
वकील फोनवर ओरडला :
अहो, पिस्तूलच नाही तर खटला कसला?
मग बहिणीकडून उसने घेऊन तिनं दुसरं आणलं,
दावणीच्या गाईला कडबा आणावा तसं,
खटला जगवायला.

शेवटी ती जिंकली.
म्हणजे क्रॅबट्री जिंकला; निकालाचं नाव ते,
ती त्या दिवशी गुडघ्याच्या ऑपरेशनला होती.
पायऱ्यांवर भाषणं झाली, कुणीतरी रडलं,
नवा शेरीफ कॅमेऱ्याकडे बघून हसला.
कायदा शिकणारी पोरं आता
आम्हा दोघांना एका दमात पाठ करतात.

काल ती आली माझ्या शेडमध्ये,
काठी टेकत, पिशवीत पिस्तुलाचं म्यान.
"याची वादी तुटलीय रे, लायल."
माझा बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा,
आरी अजून आहे, मेणवलेला दोराही.
ती उपड्या बादलीवर बसली.
पिस्तूल आमच्यामध्ये बाकावर,
'विरुद्ध' या शब्दाएवढंच लांब.

मी विचारलं, "तिथला दिवा लागला का गं?"
"नाही," ती म्हणाली. "पण मी आता रात्रीची जातेच कुठं?"

जुनं चामडं. आरी दोनदा घसरली.
पोराचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.
तिनं पर्समधून सुटे पैसे काढले, मोजले, परत ठेवले.
शेवटची गाठ मारून
मी दोरा दातानं तोडला.