अठ्ठावीस मिलिमीटर

जालन्यात, मंठा चौफुलीजवळ,
दिवसभर मी दुसऱ्यांचे दात करतो.
मेण, प्लास्टर, गुलाबी अ‍ॅक्रेलिक,
डॉक्टरांच्या चिठ्ठ्या: वरचे चार, अर्जंट.
नऊनंतर शटर अर्धं खाली ओढतो
आणि त्याच दिव्याखाली, त्याच भिंगातून
सैन्य रंगवतो.

माणूस अठ्ठावीस मिलिमीटरचा.
तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजायचा,
पगडी हिशेबात नाही.
आधी साबणाच्या पाण्यात आंघोळ,
मग साच्याची शिवण खरवडायची,
त्याला दाताचं हत्यार असं चालतं
की ते मुळात सैनिकांसाठीच घडवलं असावं.
प्रायमर पहाटे, गच्चीवर,
स्टील मिलची धूळ खाली बसलेली असते तेव्हा.
बायको म्हणते, एवढ्या लवकर तर दूधवालाही येत नाही.

ब्रश तीन शून्यांचा. टोक ओठांनी करू नये.
मी करतो.
डोळा काढताना श्वास धरायचा,
पांढरा ठिपका, त्यात काळा.
चुकला की सैनिक जन्मभर दचकलेला.
माझी पहिली अख्खी पलटण दचकलेली आहे.
तिला मी मागच्या रांगेत ठेवतो.

प्रत्येक पाकिटाचं परीक्षण वहीत लिहितो.
गोरी पलटण, दहा नग, चौदाशे रुपये:
बटणं मोजता येतात. चेहरे दहा, दहाही वेगळे.
एकाला तर सर्दी झालेली वाटते. नऊ गुण.
शिंद्यांची पलटण, दहा नग, भाव तोच:
चेहरा एक, मिशी एक,
पगडी कुठल्या मुलखाची देव जाणे.
बंदुका वाकड्या, गरम पाण्यात सरळ होतात.
पाच गुण. आणि अर्धा, अधिकाऱ्याच्या घोड्याला.

अफसर, दर रविवारी माझ्याशी लढणारा,
चष्म्यावर चष्मा चढवून म्हणाला,
"मियाँ, ये तो सब एकीच माँ के हैं."
मग पुट्टीनं कुणाचं नाक वाढवलं,
कुणाची मिशी उतरवली,
एकाला आमच्या कंपाउंडरचे पुढे आलेले दात दिले.

कवळी टोचते म्हणून असईहून आलेले
दगडुबा जंजाळ
ती माझ्या हातात ठेवून
बोळक्या तोंडानं टेबलाभोवती फिरले.
निळी पट्टी बघून म्हणाले, "ही जुई का?"
म्हटलं, ही जुई, ती कैलना, मधे तुमचं गाव.
गाव म्हणजे सात काड्यापेट्या.
ते वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.
मला वाटलं, बटणं बघतायत.
"पाऊस सरतानाचं ना हे?
अन् हे नदीतून आले म्हणता?
मंग पाय कामून कोरडे ह्यांचे?"
मी काही बोललो नाही.
"माती पिवळी कुठून आणली?
आपली काळी. पायातला बूट निघंल,
ती निघत नाही."

पुढच्या खेपेला कवळीच्या डबीतून
मूठभर शेत घेऊन आले.
वस्त्रगाळ केलं, फेविकॉलमध्ये कालवलं,
आणि पांढऱ्या विजारी, तीन थरांच्या सावलीच्या,
ज्यांच्यापायी माझे सहा रविवार गेले,
गुडघ्यापर्यंत बुजवल्या.
हात थांबला नाही असं लिहिलं
तर वही खोटी ठरेल.

आता गुडघ्याखाली कोण कुणाचा कळत नाही.
अफसर म्हणाला, "गडबड होगी."
झालीच.
रविवारी त्यानं माझी तुकडी आपली समजून
जुईपर्यंत नेली,
आणि दोघांच्याही लक्षात यायला
चहा संपावा लागला.

दगडुबांना विचारलं, कवळी बसते का आता?
"बसती," म्हणाले.
"पन दात लई पांढरे केले तुम्ही.
ह्यान्लाबी जरा माती लावा."