दाताने ऐकायचं

रबाळे एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे
माझा गाळा. पाटी नाही,
वाकवलेला एक पाइप टांगलाय दारावर,
ज्याला कळायचं त्याला कळतं.

ती आली शनिवारी, भर दुपारी.
राखाडी हॅचबॅक, दोन लिटर, टर्बो,
आणि कंपनीचा सायलेन्सर इतका सभ्य
की गाडी चालू आहे हे काट्यावरून कळावं.
म्हणाली, आवाज हवाय.
म्हटलं, किती?
पोरं हात पसरून दाखवतात, एवढा.
ती म्हणाली, किती नाही, कुठला ते विचारा.

डॉक्टर गार्गी देवस्थळी, नेरूळ. दातांच्या.
दिवसाचे नऊ तास कानाशी ड्रिल,
सुईच्या नेढ्यातून ओढलेली किंकाळी.
"घरी जाताना मला खालचा सूर पाहिजे,
पोटात बसणारा.
वरचे सगळे काढून टाका."

सव्वीस वर्षं पाइप जोडतोय.
आधी औषधाच्या कंपनीत; तिथे जोडाच्या आत
कण राहिला तरी अख्खी लाइन कापायला लावायचे.
कंपनी गेली, हात राहिला.
पण आवाज असा
मोजून कुणी मागितला नव्हता.

अडीच इंची स्टील घेतलं.
कॅट तसाच ठेवला, धुराचं पाप आपण घेत नाही.
आतून आर्गन सोडला, बाहेरून आर्क,
कलंडलेल्या नाण्यांच्या चळतीसारखे टाके,
कडेला आधी मधाचा रंग, मग जांभळाचा, मग नुसता निळा.
मागे मफलर, काचेची लोकर ठासून.
मध्ये झडप:
सोसायटीत बंद, हायवेला उघडी.

एकदा पोलिसांनी चौकात रोलर फिरवला होता
जप्त सायलेन्सरांवरून.
त्यात दोन माझे.
गर्दीत उभं राहून बघितलं.
पाइप पापडासारखे झाले,
टाका एक उकलला नाही.
हे सांगणार कुणाला?

माझा डावा कान गेलाय. उजवा निघालाय.
गिऱ्हाइकाला बोलत नाही.
मोठा पेचकस घेतो, टोक पाइपवर,
मूठ दातांत, डोळे मिटून.
मग इंजिन सरळ कवटीत येऊन बसतं.

ती रेस देत होती. मी हात वर केला.
बाविसशे.
तिथे घुमत होतं, रिकाम्या पिंपात तोंड घालून
कुणी कण्हावं तसं.
दीड मीटरची आंधळी नळी वळवून बाजूला जोडली,
पुढचं टोक बंद.
आवाज आत शिरतो, भिंतीला लागतो,
उलटा येऊन स्वतःलाच गप्प करतो.
माणसांत ही सोय नाही.

पुन्हा रेस. पुन्हा पेचकस.
ती उतरली, खाली वाकली,
पाइपकडे बघितलंच नाही.
"आ करा."
मोबाइलचा टॉर्च माझ्या तोंडात.
"उजवी दाढ अर्धी झिजलीये. लोखंड चावता का?"
ऐकतो, म्हटलं.

ती काही बोलली नाही.
पेचकस घेतला, ओढणीला पुसला,
टोक पाइपवर, मूठ दातांत.
मी सीटवर बसून हळूहळू काटा चढवला,
हजार, दीड हजार, तीन.
आरशात तिचा फक्त खांदा दिसत होता.
तो हलला नाही.
बाजूच्या गाळ्यातला सुलेमान चहा घेऊन आला
आणि तसाच उभा राहिला.

हिशेब तिनेच केला, माझ्या बिलाच्या पाठीवर:
पाइप, झडप, मजुरी,
वजा एक दाढ, कॅपसकट.
घासाघीस करायला गेलो तर म्हणे,
नसीत सूट नाही.

मंगळवारी तिच्या खुर्चीत पडलोय.
दिवा डोळ्यांत, तोंड उघडं, जीभ बधिर.
ड्रिल टेकला,
आणि किती वर्षांनी
डाव्या बाजूलाही ऐकू आलं.
हात वर केला.
ती थांबली. दुखतंय?
मानेनेच नाही म्हटलं,
आणि बोटाने खूण केली,
अजून थोडा
वर घ्या काटा.