अस्तर

सोनं आधी घासायचं, उकु.
अ‍ॅल्युमिनाच्या ओल्या, पांढऱ्या लगद्यावर
इंग्रजी आठचा आकडा गिरवत,
मनगट हलकं ठेवून.
तोंड दिसेपर्यंत नाही, तोंड तर आधीच दिसतं;
ओरखडे दिसेनासे होईपर्यंत.

काल तू नुसत्या सोन्यावर पॉलिअ‍ॅनिलिन चढवलंस.
हिरवं सुरेख आलं. मीही म्हटलं, वा.
मग चिकटपट्टी लावून ओढलीस
आणि अख्खी हिरवळ पट्टीबरोबर उठून आली,
दुधावरची साय चमच्याला यावी तशी.
खाली सोनं होतं तसंच,
जणू कुणी मुक्कामाला आलंच नव्हतं.

सोन्याची रीतच ती.
कुणाला नाही म्हणत नाही
आणि कुणाला धरूनही ठेवत नाही.
एका गंधकाशी तेवढं त्याचं जमतं.
म्हणून ही बाटली. उघडताना श्वास रोखून धर.
सोन्याला सुगंध म्हणतात ना,
इथे नेमका उलटा प्रकार.
बत्तीस वर्षं माझ्या स्वेटरला हा वास आहे,
तार्तूच्या बसमध्ये मला
कायम दोन माणसांची जागा मिळते.

आता रात्रभर बुडवून ठेव, आणि घरी जा.
एकेक रेणू येईल,
गंधकाचं टोक सोन्यात रोवून उभा राहील,
ताठ नाही, जरा कलून,
आणि वरच्या टोकाला प्रत्येकाकडे एक अमिनो गट,
पुढच्या साखळीला धरायला दिलेला हात.
सकाळी काहीच दिसणार नाही.
सोनं कालच्याइतकंच पिवळं.
विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही.
पाण्याचा थेंब ठेव, किती पसरतो ते मोज.

माझे वडील भिंतींना कागद लावायचे,
पेइप्सी तळ्याकाठच्या लाकडी घरांतून.
फुलांच्या कागदाआधी
ते जुनी वर्तमानपत्रं डकवत:
पोलादाचे आकडे, ट्रॅक्टर, कुणाकुणाचे मृत्यू,
सगळं खळीत भिजवून, हाताने दाबून.
मी विचारायचे, हे आता कोण वाचणार?
"भिंत," ते म्हणायचे.
परवा त्यातल्या एका घराचे नवे मालक
फुलं सोलायला बसले
तर हातात लाकडाच्या ढलप्या आल्या.

*

आलास? मफलर काढ. नायट्रोजन सोड,
बुडबुडे मोजून वीस मिनिटं.
अ‍ॅनिलिन कालच ऊर्ध्वपातित केलंय,
फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे.
(हो, नियमाविरुद्ध. दही माझं नाही.)

आता दाब वर, दाब खाली.
पडद्यावर वळण स्वतःवरूनच पुन्हा फिरतंय,
दर फेरीला थोडं रुंद.
बघ: पिवळं, हिरवं, निळं, परत हिरवं.
बोलू नकोस.
नदीवरचा बर्फ फुटतोय, तो बोलतोय तेवढं पुरे.

धू. वाळव. पट्टी लाव.
अंगठ्याने नीट दाब.
ओढ.

...

कोपऱ्यात तेवढा ठिपका निघाला,
चिमट्याने धरलं होतंस तिथे.
बाकी सगळं जागेवर.

हसायचंय तर हस, पण पट्टी टाकू नकोस.
वहीत लाव, कालचीच्या शेजारी.
कालची किती देखणी, हिरवीगार;
आणि ही जवळजवळ कोरी.
मी जूनमध्ये गेल्यावर कुणी ही वही उघडली
तर त्यांना कालचीच बरी वाटेल.
म्हणून खाली लिही.
तारीख घाल, तापमान घाल.
आणि ते पेन मला परत दे.