कपाटातला सोनटक्का

कपाट जिन्याखाली मिळालं, एका दाराचं.
कुणीतरी खोली सोडताना टाकलेलं,
आत दोन हँगर आणि एक निळं बटण.
मी डक्टवाला. सलमाबादच्या शेडमध्ये दिवसभर पत्रा वाकवतो,
मॉलच्या पोटातून गार हवा कुठं वळेल ते ठरवतो.
मग एक कपाट काय अवघड?
आतून चंदेरी पन्नी, वर दोन दिवे,
खाली बादली, बादलीत माती, मातीत
गोदाताईने ओल्या गोणपाटात बांधून दिलेला कंद.
दिसायला आलं. कस्टमवाल्याने हुंगला
आणि परत बॅगेत टाकला.

पहिला कोंब चौथ्या दिवशी शिजला.
शिजला म्हणजे शिजलाच,
काळा, लिबलिबीत, भाजीसारखा.
थर्मामीटर बेचाळीस.
फोनवर गोदाताई : "कपाटात झाड कोण लावता रे?"

चूक माझीच. दोन्ही भोकं वर पाडली होती.
हवा वरच्या वर फिरत राहिली,
आमच्या मुकादमासारखी, आपलंच ऐकत.
मग खाली पाडलं, एसीच्या तोंडाकडे, हातभर लांब.
आत येणारी वाट बाहेर जाणारीपेक्षा मोठी हवी,
नाहीतर पंखा नुसता धापा टाकतो.
वरून पन्नीची नळी, एकच वळण घेऊन
न्हाणीघराच्या शाफ्टमध्ये सोडली.
दुसरं वळण दिलं असतं तर दिसायला नीट झाली असती,
पण प्रत्येक वळण हवेचा दम खातं.

तरी दिवसा काही जमेना.
आम्ही तिघे कामावर, एसी बंद,
बिलाचा फिल्स न् फिल्स तिल बहादूरच्या वहीत.
म्हणून रात्रीचा दिवस केला :
संध्याकाळी सहाला सूर्य उगवतो,
सकाळी सहाला मावळतो. टायमर, दीड दिनार.

शुक्रवारी गल्लीच्या टोकाच्या जुन्या घरात गेलो,
बादगीरच्या बरोबर खाली उभा राहिलो.
बाहेर जुलै,
आणि डोक्यावर वारा पडत होता,
ना मोटर, ना बिल.
कुणी बांधला असेल त्याला
शेडमध्ये चार्जहँडच केला असता आम्ही.
अंगठ्याने भिंतीची जाडी मोजत बसलो,
राखणदार येऊन चला म्हणेपर्यंत.

पाणी एसीच्या नळीचं. खिडकीबाहेर बाटली टांगली आहे.
कुडाळला सोनटक्का न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतो,
इथं आमच्या तिघांच्या घामावर, उच्छ्वासावर,
गार होऊन थेंब थेंब परत आलेल्या.

नवव्या महिन्यात फूल.
संध्याकाळी उमलायचं ते त्याच्या संध्याकाळी उमललं,
पहाटे साडेपाचला, दिवे जायला अर्धा तास असताना.
एका बुटाची नाडी बांधून दार उघडलं.
पांढरं, ओल्या टिश्यूसारखं, देठाशी किंचित पिवळं.
नाक आत घातलं.
काही नाही.
माती, गरम प्लास्टिक, आणि पंख्याची घुरघुर.

तीन दिवसांनी मालकीणबाईंचा नातू खाली आला, ईसा,
हातात खजुराची बशी.
आजी विचारते, म्हणाला,
तुमच्यात कोण अत्तर लावतं?
पहाटे नमाजाला उठली की
न्हाणीघराच्या झरोक्यातून येतं.
तिल बहादूर माझ्याकडे बघायला लागला.
मी माझ्या पंख्याकडे.
इतका चोख बसवला होता की
कणभर मागे ठेवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंखा बंद केला.
दार सताड उघडलं, खाटेवर बसून बूट घालायला घेतले.
अठ्ठावीस.
तीस.
मग आला. आधी पायांकडून, मग सगळीकडून,
तीन खाटा, प्रेशर कुकर, दोरीवरची कव्हरॉलं,
कशालाच न वगळता.
बत्तीस.
तिल बहादूर झोपेत कुशीवर वळला, म्हणाला काहीतरी,
नेपाळीत, कुणाला तरी.
चौतीस. पानाची कड जराशी वळायला लागली.
खाली बसचा हॉर्न.

पंखा लावला.
वर ती उठली असेल.