‘प’चा फटका

खानविलकर साउंड, दांडिया बाजार.
लग्न, बारसं, गरबा, शोकसभा,
सगळ्यांना तोच डबा, त्याच दोन वायरी.
शनिवारी फतेगंजात, गच्चीखालच्या खोलीत
तीस खुर्च्या, आणि म्हणे कविता.
मी म्हटलं, कवितेला कशाला एवढे वॉट?
कविता म्हणजे आमच्याकडे
शाल, नारळ, मागच्या रांगेत पेंगणारे चार काका.

ती आली. लिगाया.
हातात कागद नाही. नखांत काळी शाई,
छपाईच्या वर्गातली.
बरोबर आर्नेल, मकरपुऱ्यात
सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा वेल्डर,
पापण्या जळून अर्ध्या.

पिलिपिनास, ती म्हणाली,
आणि स्पीकरचा पडदा धडकला.
तिच्या तोंडी फ नाही. सगळा प.
पॅमिली. पोन. प्लड.
प म्हणजे तोंडातून सुटलेली हवेची चापट.
वीस वर्षं सांगतोय लोकांना,
माइक चार बोटं लांब धरा.
तिला सांगायला उठलो
आणि तसाच उभा राहिलो.

आई कुवेतमध्ये दुसऱ्यांची मुलं निजवायची
आणि फोनवरून मला.
नेटवर्क गेलं की अंगाई अर्धी.
उरलेली मी माझ्यापुरती म्हणायचे,
चाल चुकवून.

सयाजीगंजच्या घरमालकानं
सुक्या मासळीच्या एका पुडीवरून
माझं सामान जिन्यात काढून ठेवलं.
कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या त्यानं.
मला लागलं ते तेवढंच.
घड्या.

रिक्षावाले विचारतात, चीन? नेपाळ? मणिपूर?
मी म्हणते हो, हो, हो.
भाडं तरी तेवढंच राहतं.

इथं खुर्च्या हसल्या. ती हसली नाही.

विश्वामित्री चढली तेव्हा
तळमजल्यावर तिचे लाकडी ठसे तरंगले,
उलटी कोरलेली गावं, उलटी नावं,
आणि तिसऱ्या पायरीशी एक मगर.
आम्हा बडोदेकरांना यात नवल नाही,
आम्ही मगर बघून वरचा मजला गाठतो, चहा टाकतो.
ती म्हणाली, माझं काम पहिल्यांदा
तिनं पाहिलं. बराच वेळ.
गॅलरीवाले एवढे थांबत नाहीत.

मग आर्नेल.
त्याच्या भाषेत. मला एक अक्षर कळेना,
एका हातानं छातीवर ठेका, दुसरा हात खिशात.
मी आपला वायर गुंडाळत होतो.
दुखा, तो म्हणाला.
हात थांबला.
मग आसा. मग मुखा.

चहाच्या वेळी विचारलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.
दुखा म्हणजे गरीब. ज्याच्याकडे काहीच नाही तो.
आसा? तीच.
मुखा? त्यानं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं,
तिथं ठिणगीचा जुना डाग.
आणखी एक आहे, म्हणाला, दलिता,
फार सोसणं, फार दैना.
मी कपात बघत राहिलो.
कोणाच्या गलबतातून गेले हे शब्द, कोण उतरवून घ्यायला होतं,
तेवढं विचारण्याइतकं इंग्रजी
दोघांकडेही नव्हतं.

पुण्याची मावसबहीण माझं मराठी ऐकून हसते.
‘अमथाच आलो’ म्हटलं की मुलांना बोलावते,
या, ऐका काकांना.
चार पिढ्या झाल्या आम्हाला इथं.
मीही हसतो. लाडू खातो. परत येतो.
माझ्या डब्यातून आजवर
सगळ्या शहराचा आवाज गेलाय.
माझा फक्त, चेक, चेक.

पैसे घेताना लिगायाला म्हटलंच शेवटी,
माइक थोडा लांब धरायचा असतो.
ती म्हणाली, लांबच आहे.

रविवारी रावपुऱ्यात साखरपुडा.
खुर्च्या लागत होत्या, कोणी सुपारी शोधत होतं.
माइक ओठांना अगदी चिकटवला
आणि म्हटलं, पिलिपिनास.
पडदा धडकला. कबुतरं उडाली.
मुलीचा मामा ओरडला, काय?
काही नाही, म्हटलं, अमथंच.
स्पीकर बघतोय.